वाचकांचे प्रश्न : घरात मांजर आणि पोटात बाळ

गरोदरपणात घरातल्या मांजराचं काय करायचं, याविषयी आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरं स्त्रीरोगतज्ज्ञ आणि पशुवैद्य यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मला तिसरा महिना आहे. आमची मनी चार वर्षांची आहे, फ्लॅटबाहेर कधी जात नाही. सासूबाई म्हणतात, मांजरामुळे बाळाला अपाय होतो, तिला शेतावर सोडून या. खरंच सोडावं लागेल का?
— एक वाचक, सांगली

नाही, सोडावं लागणार नाही. सासूबाईंची काळजी मात्र अगदीच निराधार नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. गरोदरपणात त्याची लागण पहिल्यांदाच झाली, तर तो वारेतून बाळापर्यंत जाऊ शकतो आणि बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा करू शकतो. या परजीवीची कवच असलेली अंडी फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या विष्ठेतूनच बाहेर पडतात. हे १९७०च्या सुमारास सिद्ध झालं आणि तेव्हापासून मांजराच्या नावावर हा आजार कायमचा चिकटला.

पण पुढचा भाग घरोघरी पोचलेला नाही. मांजराला ही लागण उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाऊन होते. पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात. नंतर शरीरात प्रतिकारशक्ती तयार होते आणि बहुतेक मांजरं पुन्हा आयुष्यभर अंडी टाकत नाहीत. चार वर्षं घरात राहिलेली, कोरडं खाणं किंवा शिजवलेलं अन्न खाणारी मांजर आत्ता नेमकी त्या आठवड्यांत असण्याची शक्यता फार कमी आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ताज्या विष्ठेतली अंडी संसर्ग करू शकत नाहीत. हवेत आणि ओलाव्यात ती पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रोजची घाण रोज उचलली, तर धोक्याचा मोठा भाग तिथेच संपतो. अंगावरून हात फिरवणं, मांडीवर घेणं, शेजारी झोपू देणं यांतून टॉक्सोप्लाझ्मा होत नाही. मांजर स्वतःचं अंग सतत चाटून साफ ठेवतं, त्यामुळे केसांवर विष्ठा दिवसचे दिवस राहून अंडी पिकत नाहीत. युरोपातल्या सहा शहरांतल्या गरोदर स्त्रियांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सर्वांत मोठं कारण अर्धकच्चं मांस निघालं, त्याखालोखाल मातीचा संपर्क. मांजर घरात असणं हे कारण त्यात दिसलं नाही.

सासूबाईंना एवढंच सांगा, की मनीला शेतावर सोडलं तर ती उंदीर धरायला लागेल आणि मग तिलाच लागण होईल. घरात, स्वच्छ ट्रेवर (विष्ठेसाठी वाळू भरून ठेवतात तो) असलेली मनी सगळ्यांसाठी सुरक्षित आहे.

प्रश्न : पत्नी गरोदर असल्याने मांजराचा ट्रे आता मी साफ करतो. नक्की कसा करायचा, किती दिवसांनी, कशाने धुवायचा? आम्ही फिनेल वापरतो. माझी रात्रपाळी असते तेव्हा तिलाच करावं लागतं, त्याचं काय?
— एक वाचक, ठाणे

तुम्ही काम अंगावर घेतलंत हे उत्तम केलंत. आता वेळ पक्की ठरवा. चोवीस तासांत एकदा विष्ठा उचललीच पाहिजे; सकाळ-संध्याकाळ दोनदा जमलं तर अधिक बरं. शनिवार-रविवार धरून. एक दिवस चुकला आणि विष्ठा दुसऱ्या दिवशी तशीच राहिली, की अंडी पिकायला लागणारा वेळ आपणच त्यांना देतो.

ट्रेमध्ये पाच ते सात सेंटिमीटर थर ठेवा. गोळा होणारी, म्हणजे बेंटोनाइट मातीची वाळू घेतली तर लघवीचा घट्ट गोळा होतो आणि आख्खा उचलता येतो. पैसे वाचवायला पुष्कळ जण इमारतीच्या बांधकामावरच्या ढिगाऱ्यातली रेती आणतात. ती अजिबात आणू नका. तो ढीग म्हणजे गल्लीतल्या साऱ्या मांजरांचा संडास असतो आणि त्यात जुनी, पिकलेली अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. ज्या मांजराला कधी लागण नव्हती, त्याच्याच ट्रेमध्ये आपण ती आणून ओततो.

उचलताना खिडकी उघडी ठेवा, स्कूप (घाण उचलायचा झारा) सावकाश चालवा, वाळू उडवू नका. उचललेलं पिशवीत घालून गाठ मारा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला आणि सॅनिटरी कचऱ्याबरोबर द्या. संडासात टाकून फ्लश करू नका आणि गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये तर मुळीच नाही. ट्रेभोवती सांडलेली वाळू केरसुणीने कोरडी झाडली की धूळ उडते, त्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि ते फडकं तेवढ्याच कामाला ठेवा.

आठवड्यातून एकदा ट्रे पूर्ण रिकामा करा. आता फिनेलबद्दल. फिनेल, डेटॉल, ब्लीच यांपैकी कशानेही ही अंडी मरत नाहीत. कवच इतकं चिवट असतं की नेहमीच्या जंतुनाशकांना ते दाद देत नाही, उष्णतेला मात्र देतं. रिकाम्या ट्रेमध्ये तळ झाकून दोन-तीन सेंटिमीटर वर येईल इतकं उकळतं पाणी ओता, पाच ते दहा मिनिटं राहू द्या, मग साबणाने घासून उन्हात वाळवा. उकळत्या पाण्याने अंडी मेलेली असतात, म्हणून हे पाणी संडासात ओता. ट्रे आणि स्कूप स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचे नाहीत. लघवी असलेल्या ट्रेवर ब्लीच ओतण्यात आणखी एक धोका आहे: लघवीतल्या अमोनियाशी मिसळून त्याचा वायू होतो. त्याने घसा आणि छाती जळते आणि गरोदर बाईला तर तो मुळीच नको. फिनेलचा वाससुद्धा मांजरांना सोसत नाही. शिवाय अंग चाटताना पायाला लागलेलं फिनेल त्यांच्या पोटात जातं आणि फिनेल मांजरांना विषारी आहे. मांजर ट्रे सोडून कोपऱ्यात घाण करू लागलं, तर आधी फिनेल बंद करून पाहा.

तुमच्या रात्रपाळीच्या आठवड्यात निघण्याआधी ट्रे साफ करा आणि आल्यावर पुन्हा करा. मध्ये चोवीस तास होत नाहीत, म्हणजे पत्नीला हात लावायची गरजच पडणार नाही. तुम्ही बाहेरगावी असलात तर शेजाऱ्यांना किंवा नातेवाइकांना सांगा. कोणीच नसेल तर पत्नीने एकदा वापरून टाकायचे हातमोजे आणि मास्क लावून, अंगठ्या-बांगड्या काढून काम करावं. मोजे उलटे करून काढावेत, हात साबणाने वीस सेकंद नखांखालीही घासून धुवावेत. ट्रे साफ करून एक दिवसही झाला नसेल तर या कामाने घाबरून जाण्यासारखं काही नाही.

प्रश्न : आमच्याकडे दर रविवारी मटण असतं. खाटकाकडून येणारे तुकडे, कधी काळीज मांजरालाही घालतो. गरोदरपणात मटण बंद करायचं का?
— एक वाचक, कोल्हापूर

तुमचं घरातलं मांजर आणि तुमचा रविवार या दोन्हींत आमचं लक्ष आधी रविवारकडे जाईल.

बकऱ्या-मेंढ्यांच्या मांसात टॉक्सोप्लाझ्माच्या गाठी असू शकतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, वासही येत नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं मटण हाडापासून सुटेपर्यंत शिजलेलं असतं, त्यात काही उरत नाही. प्रेशर कुकरमध्ये शिजवलेलं मटणही निर्धास्त खा. घोळ होतो तो दुसऱ्याच ठिकाणी. मसाला लावलेल्या कच्च्या खिम्याची चव घेऊन मीठ बघायचं, कबाब वरून काळे आणि आतून गुलाबी असताना उतरवायचे, कच्चं मटण कापलेल्या सुरीने तशीच काकडी चिरायची. परतताना मिठाची चव घ्यायची असेल तर मटण पूर्ण शिजल्यावरच घ्या.

मापात सांगायचं, तर सलग तुकड्याच्या आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअस व्हायला हवं आणि उतरवल्यावर तीन मिनिटं तसंच राहू द्यायला हवं. खिमा ७१ अंश आणि कोंबडी ७४ अंशांपर्यंत. खिम्याला जास्त का? वरचा भाग आत मिसळला जातो म्हणून. स्वयंपाकाचा थर्मामीटर नसेल तर खूण साधी आहे: आतून लाल-गुलाबी काही राहता कामा नये आणि निघणारं पाणी रंगहीन हवं. मायक्रोवेव्हवर भिस्त ठेवू नका, तो सगळीकडे सारखं तापवत नाही. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये मटण काही दिवस गोठवलं तर गाठी मरतात. जुन्या एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तेवढी थंडी टिकत नाही. वाळवून, खारवून किंवा धुरी देऊन गाठी मरतीलच असं नाही. म्हणून गोव्याचे चोरिस (डुकराच्या मांसाचे सॉसेज) आणायचे असतील, तर ते पूर्ण शिजवूनच खा.

मांजराचं म्हणाल, तर कच्चे तुकडे आणि कच्चं काळीज आजपासून बंद करा. तेच तुकडे बिनमिठाचे, बिनकांद्या-लसणाचे उकडून द्या. कांदा-लसूण मांजरांच्या रक्तपेशींना घातक असतो. शेळीचं कच्चं दूध घरात येत असेल तर ते उकळून घ्या. तुम्हाला आणि मांजराला, दोघांनाही.

प्रश्न : माझे दोन गर्भपात झाले आहेत. आता तपासणीत टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह आलं. नातेवाईक म्हणतात, मांजरामुळेच मूल राहत नाही आणि या वेळीही राहणार नाही. मी फार घाबरले आहे.
— एक वाचक, नाशिक

तुमच्या मनावरचं ओझं आधी उतरवू. फक्त आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे तुम्हाला कधीतरी ही लागण होऊन गेली, बहुधा तुमच्या नकळत, आणि आता तुमच्या रक्तात तिच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं आहेत. आयजीएम, म्हणजे लागण ताजी असताना तयार होणारं प्रतिद्रव्य, निगेटिव्ह असेल तर या गरोदरपणात तुम्ही सुरक्षित गटात आहात. उलट काळजी घ्यायची असते ती आयजीजी निगेटिव्ह आलेल्या बाईने, कारण तिच्याकडे हे संरक्षण नसतं. शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील किंवा तसा आजार असेल, तर हे उत्तर बदलतं, तेव्हा तसं काही असल्यास डॉक्टरांना सांगा.

वारंवार होणाऱ्या गर्भपातांचं हे कारण नव्हे. बाळाला धोका होतो तो आईला पहिल्यांदा लागण झाली त्याच गरोदरपणात. शरीर ओळख ठेवत असल्याने पुढच्या वेळी तोच परजीवी पुन्हा तसा त्रास देत नाही. दोन गर्भपातांमागे गुणसूत्रांतला दोष, गर्भाशयाची रचना, थायरॉइड, साखर, रक्त गोठण्याचा दोष अशी कारणं शोधायला हवीत. मांजराच्या नावावर ती राहून जातात, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला वगैरे संसर्गांसाठीचा ‘टॉर्च’ नावाचा तपासण्यांचा गठ्ठा लक्षण नसताना सरसकट करावा, अशी शिफारस नाही. पण आपल्याकडे तो सर्रास लिहून दिला जातो आणि आलेल्या आकड्यांनी कुटुंबं हवालदिल होतात.

आयजीएमही पॉझिटिव्ह असेल तर? तरीही लगेच निष्कर्ष काढायचा नाही. आयजीएम काही जणींच्या रक्तात अनेक महिने, कधी वर्षभराहून अधिक राहतं, आणि कधी ते चुकीनेही पॉझिटिव्ह येतं. अशा वेळी आयजीजी अॅव्हिडिटी ही तपासणी करायची. प्रतिद्रव्यं परजीवीला किती घट्ट धरतात, हे ती मोजते. लागण जुनी असेल तर पकड घट्ट असते. पहिल्या सोळा आठवड्यांत अॅव्हिडिटी जास्त आली, तर लागण गरोदर राहण्याआधीची आहे असं सांगता येतं. कमी आली म्हणजे लागण ताजीच आहे असं मात्र नाही, कारण काहींची अॅव्हिडिटी महिनोन्‌महिने कमीच राहते. मग दोन ते तीन आठवड्यांनी दुसरा नमुना त्याच लॅबमध्ये देऊन आयजीजीची वाढ पाहतात.

लागण खरोखर या गरोदरपणातली निघाली, तरी उपाय आहेत. सुरुवातीच्या महिन्यांत स्पायरामायसिन देतात, म्हणजे परजीवी वारेतून पुढे जाण्याची शक्यता कमी होते. अठराव्या आठवड्यानंतर, आणि लागणीला किमान चार आठवडे झाल्यावर, बाळाभोवतीच्या पाण्याचा नमुना घेऊन पीसीआर (परजीवीचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी करता येते. बाळाला लागण झाली असेल तर पायरीमेथामिन, सल्फाडायझिन आणि फोलिनिक अॅसिड अशी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. आयजीएमचा एकच रिपोर्ट पाहून गर्भपाताचा सल्ला कोणी देत असेल, तर तो मानू नका, दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या.

धोक्याचं गणितही समजून घ्या. पहिल्या तिमाहीत लागण झाल्यास ती बाळापर्यंत जाण्याची शक्यता साधारण १० ते १५ टक्के असते, पण गेली तर इजा जास्त. शेवटच्या तिमाहीत ही शक्यता ६० टक्क्यांच्या वर जाते, पण जन्मतः बहुतेक बाळं ठीक दिसतात आणि त्यांना पुढे डोळ्यांची तपासणी व औषधं लागतात.

प्रश्न : माझी बहीण फ्रान्समध्ये लिऑनला आहे. तिथे गरोदरपणात दर महिन्याला टॉक्सोची तपासणी झाली. इथे माझी एकदाही नाही. डॉक्टर हयगय करताहेत का?
— एक वाचक, पुणे

हयगय नाही. फ्रान्समध्ये अर्धकच्चं मांस आवडीने खाल्लं जातं आणि तिथे हा आजार फार आढळत असे. म्हणून ज्या गरोदर स्त्रियांची आयजीजी निगेटिव्ह असेल, त्यांची दर महिन्याला तपासणी करण्याची पद्धत तिथे १९९२पासून पडली. बहुतेक देशांत ती नाही. भारतातही सरसकट करत नाहीत. मानेत गाठी येऊन बारीक ताप राहिला, सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत किंवा यकृतात काही वेगळं दिसलं, किंवा ताजी लागण होण्यासारखा प्रसंग घडला, तर मात्र डॉक्टरांकडे विषय स्वतः काढा.

प्रश्न : आमचं घर वाडीत आहे. दोन मांजरं बाहेर हिंडतात, उंदीर धरतात. परसात भाजी, अंगणात तुळस, पाणी विहिरीचं. मी पाच महिन्यांची गरोदर आहे. बाहेरची मांजरं आत घ्यायची बंद करू का?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

मांजरं आत आली तर चालेल. जपायचं ते मातीला. उंदीर धरणारं मांजर केव्हाही लागण घेऊन येऊ शकतं, आणि ते विष्ठा करतं परसातल्या मऊ, ओल्या मातीत. त्यासाठी वाफे त्याला सर्वांत आवडतात. कोकणच्या दमट मातीत अंडी वर्षभराहूनही जास्त टिकतात. तुम्ही मांजराला हातही न लावता, भाजी उपटून नुसता हात कपाळाला-तोंडाला लावलात, तरी ती पोटात जाऊ शकतात.

तुळशीला पाणी घालायला हरकत नाही. माती उकरणं, रोपं लावणं, शेणखत कालवणं ही कामं या दिवसांत दुसऱ्याने करावीत. करायचीच झाली तर जाड मोजे घाला आणि नंतर नखांसकट हात धुवा. वाफ्यांवर कोंबड्यांची जाळी आडवी अंथरून खिळवा. रोपं जाळीतून वर येतात, मांजराला उकरता येत नाही. मुलांसाठी अंगणात वाळूचा ढीग असेल तर रात्री ताडपत्रीने झाका.

पालेभाजी कच्ची खायची असेल तर आधी माती बसेपर्यंत भांड्यात पाण्यात बुडवून ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली पान-पान चोळून धुवा. कोथिंबीर, पुदिना, मुळा यांचे खालचे दांडे मातीने माखलेले असतात, ते कापून टाका. व्हिनेगर किंवा मिठाच्या पाण्याने ही अंडी मरत नाहीत, धुण्याने निघून जातात. या महिन्यांत शिजवलेली भाजी जास्त ठेवा. झुरळं आणि माश्या विष्ठेवरून उठून अन्नावर बसतात, म्हणून शिजवलेलं झाकून ठेवा.

विहिरीचं पाणी उकळूनच प्या. क्लोरिन किंवा टीसीएलने (ब्लीचिंग पावडरने) ही अंडी मरत नाहीत. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात १९९५ साली पाण्यातून या आजाराची साथ आली होती. आपल्याकडे कोइम्बतूरमध्ये २००४-०५च्या सुमारास बऱ्याच रुग्णांच्या डोळ्यांना हा त्रास झाला आणि संशय शहराच्या पाणीपुरवठ्यावर गेला. पाण्याला एक उकळी फुटून ते खळखळलं की पुरेसं आहे. विहिरीला कठडा आणि वर जाळी नसेल तर तेही करून घ्या.

मे महिन्यात आंब्याच्या बागेत पिल्लं सापडतात आणि घरी येतात. गरोदरपणात नवं पिल्लू आणू नका. पिल्लं नुकतीच मांसाहाराला लागलेली असतात, पहिली लागण त्याच वयात होते.

प्रश्न : मांजराला जंताचं औषध दिलं आहे, लसी दिल्या आहेत. मग पुरेसं नाही का? मांजराची टॉक्सोची रक्ततपासणी करून घेऊ का?
— एक वाचक, मुंबई

जंताच्या गोळीचा टॉक्सोप्लाझ्मावर परिणाम होत नाही, आणि मांजरांसाठी त्याची लस आपल्याकडे मिळत नाही. जंताचं औषध आणि रेबीजची लस हवीतच, पण वेगळ्या कारणांसाठी. मांजराच्या रक्ताच्या तपासणीने तुमचा निर्णय बदलत नाही. पॉझिटिव्ह आली तर त्याचा अंडी टाकण्याचा काळ बहुधा केव्हाच संपलेला असतो. निगेटिव्ह आली तर त्याला पुढे लागण होऊ शकते, म्हणजे कच्चं मांस आणि शिकार बंद ठेवायचीच. ते पैसे चांगल्या वाळूवर खर्च करा.

प्रश्न : सातव्या महिन्यात आहे. खेळताना मांजराने हातावर ओरखडा काढला, थोडं रक्त आलं. त्याला गेल्या वर्षी रेबीजची लस दिली होती. इंजेक्शन घ्यावं का? बाळाला चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

घ्यावं, आणि आजच जावं. रेबीज झाल्यावर इलाज नाही, त्यामुळे इथे थांबून पाहणं नको. रेबीजची लस गरोदरपणात पूर्ण सुरक्षित आहे, त्यासाठी महिना पाहायचा नसतो.

दवाखान्यात जाण्याआधी जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. पंधरा म्हणजे घड्याळ लावून. मग पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट, तूप यांतलं काही लावू नका, पट्टी आवळू नका. रक्त आलेला ओरखडा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत मोडतो. त्यासाठी लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिद्रव्यं) देतात. फक्त खरचटून रक्त आलं नसेल तर लस पुरते. दंडात घ्यायची लस ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी असते, आणि सरकारी रुग्णालयात कातडीत देण्याची लस ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी. ‘०’ म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस. आधी कधी पूर्ण कोर्स झाला असेल तर दोनच डोस लागतात, ०व्या आणि ३ऱ्या दिवशी. तो कागद बरोबर न्या.

मांजर दहा दिवस नजरेसमोर ठेवा. ते नीट खात-पीत राहिलं तर डॉक्टर पुढचं वेळापत्रक बदलू शकतात, पण लस सुरू करायला दहा दिवस थांबायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन गरोदरपणात झालंच असेल, नसेल तर तेही सांगा.

ओरखड्यापेक्षा चावा वाईट. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात आणि वर भोक लहानच दिसतं, त्यामुळे चोवीस तासांत सूज, ठणका, लाली वाढू शकते. गरोदरपणात चालणारी अँटिबायोटिक्स असतात, पण डॉक्सिसायक्लिनसारखी टाळतात. म्हणून दुकानातून गोळी आणू नका आणि डॉक्टरांना महिना सांगा. एक ते तीन आठवड्यांनी काखेत गाठ येऊन ताप आला तरी दाखवा. पुढे मांजराशी खेळताना हात नको, काठीला बांधलेली दोरी वापरा. त्याची नखं दोन-तीन आठवड्यांनी टोकापुरती कापत जा.

प्रश्न : मांजराच्या कानामागे गोल पांढरे चट्टे आले आहेत. आता माझ्या मनगटावर गजकर्ण. गरोदरपणात काय लावू?
— एक वाचक, लातूर

ही एकाच बुरशीची लागण असण्याची शक्यता मोठी आहे. मेडिकलमधून स्वतःहून मलम आणू नका. त्यांत बहुतेकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी पसरत जाते, मग चट्टे बरे व्हायला महिने लागतात. साधं क्लोट्रिमाझोल मलम गरोदरपणात डॉक्टर देतात. दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. पोटात घ्यायची बुरशीविरोधी गोळी डॉक्टरांशिवाय नाही.

मांजराला पशुवैद्याकडे न्या आणि बरं होईपर्यंत बिछान्यावर घेऊ नका. पिसवांसाठी औषध लावायचं असेल तर ते घरातल्या दुसऱ्या कोणी लावावं आणि वाळेपर्यंत तुम्ही त्याला हात लावू नका. कुत्र्याचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावू नका, त्याने मांजर दगावतं.

प्रश्न : मला दमा आहे. मांजराचा केस पोटात गेला तर बाळाला दमा होतो म्हणतात.
— एक वाचक, अमरावती

केस पोटात जाऊन दमा होत नाही. काहींना मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाची अॅलर्जी असते. ते प्रथिन केसांवर, गाद्यांवर बसतं आणि हवेत तरंगतं. तुमचा दमा मांजराजवळ बळावत असेल तर झोपायच्या खोलीत त्याला मनाई करा, पडदे-चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा. चालू असलेला इनहेलर गरोदर राहिलात म्हणून बंद करू नका. आईला श्वास कमी पडला तर बाळालाही प्राणवायू कमी पडतो. औषधापेक्षा तो धोका मोठा आहे.

प्रश्न : दोन महिन्यांनी बाळंतपणासाठी माहेरी म्हापशाला जाणार आहे. आमचं मांजर माझ्याबरोबर झोपतं. बाळ आल्यावर त्याला कसं सांभाळायचं? आणि माहेरी अंगणात भटकी पिल्लं आहेत.
— एक वाचक, पणजी

तयारी आत्तापासून करा. बाळ आल्यावर अचानक दार बंद केलंत, तर मांजर दारावर ओरबाडत राहील आणि तुमची झोप जाईल. आजपासून रात्री त्याला दुसऱ्या खोलीत झोपवा, तिथे त्याचं अंथरूण, पाणी आणि ट्रे ठेवा. पहिल्या दोन-तीन रात्री ते ओरडेल. दार उघडलंत, की ओरडल्यावर दार उघडतं एवढंच ते शिकेल. पाळणा आधीच मांडा. त्यात ते चढलं तर न रागावता उचलून खाली ठेवा आणि खाली बसल्यावर खाऊ द्या. पाळण्याला वरून घट्ट ताणलेली मच्छरदाणी लावा. सैल लोंबती जाळी नको, मांजर तिच्यात झोका करून बसतं.

मांजर बाळाचा श्वास ओढून घेतं हे खरं नाही. पण नवजात बाळाला मान नीट सावरता येत नाही आणि ऊब मिळते म्हणून मांजर तोंडाशी येऊन झोपू शकतं. त्यामुळे बाळ आणि मांजर एका खोलीत एकटी ठेवायची नाहीत, झोपेत तर मुळीच नाही. बाळ घरी आणण्याआधी त्याने वापरलेलं दुपटं मांजराजवळ ठेवा, वासाची ओळख होते.

माहेरच्या पिल्लांना तुम्ही हात लावू नका. त्यांना खायला घालायचं तर दुसऱ्या कोणी अंगणात, शिजवलेलं घालावं, आणि उंबऱ्यावरचं पायपुसणं रोज उन्हात टाकावं. तिथली तुळस आणि कुंड्या आईने सांभाळाव्यात. तुमचं मांजर पणजीलाच राहणार असेल तर ट्रेचं वेळापत्रक लिहून फ्रीजवर चिकटवा, म्हणजे पतीच्या हातून दिवस चुकणार नाही. बाळंतपणानंतर अंगावरच्या दुधातून टॉक्सोप्लाझ्मा जात नाही. तेव्हा ट्रेचं काम तुम्ही पुन्हा घेऊ शकता, फक्त हात धुऊन मगच बाळाला घ्या.